कानांची परीक्षा

"तोंड उघड," कापडगिरणीचा डॉक्टर म्हणाला आणि त्याने आमच्या ह्यांच्या तोंडात जवळजवळ नाकच घातलं. शिळं दूध हुंगतात तसं हुंगलं.

"दारूचा वास नाही."

"वास मारला असेल काहीतरी चघळून," मुकादम दारातून म्हणाला. "सकाळपासून झुलतोय, साहेब. चालत्या मागावर कोसळला असता तर माझीच मान अडकली असती."

"नवऱ्याला घेऊन जा" असा निरोप देऊन पहारेकऱ्याने मला घरून आणलं होतं. हे बाकावर बसले होते. कोपर सोललेलं, सदऱ्यावर ओकारी. चक्कर आली की त्यांना उलटी व्हायची. पाण्याचा पेला कोणी दिला नव्हता. मुकादमाने मात्र दोन बोटांच्या चिमटीत नाक धरलं होतं. आयुष्यात मी आजारपणं काढली, म्हाताऱ्यांची घाण उपसली, कशाची किळस केली नाही. ती चिमटी आठवली की अजून शिसारी येते.

"डॉक्टर, त्यांना ऐकू येत नाही हो," मी म्हणाले. "पाठीमागे पातेलं पडलं तरी मान वळत नाही. कानात सारखी शिट्टी वाजते. मान वळवली की घर फिरतं म्हणतात. थेंब चाखला नाही कधी त्यांनी."

डॉक्टर माझ्याकडे वळला. "बाई, बहिऱ्याला आम्ही घडीखात्यात बसवतो. बसून कापडाच्या घड्या घालायच्या, पगार तोच. दारुड्याला गेट दाखवतो. आत्ता तपासू की."

हे सगळं तो माझ्याकडे तोंड करून बोलला. ह्यांना फक्त त्याची पाठ दिसत होती. आणि बहिरा ठरलो तर काम जाईल, या धास्तीने हे वर्षभर कान लपवत होते.

त्यांच्या मागखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे. कानाशी ओरडलेलंही कळायचं नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरचं बोलणं वाचायची. हे त्यात सगळ्यांत तरबेज. नवीन लग्न झालं तेव्हा भरल्या घरात, सासूबाईंच्या डोक्यावरून, आवाज न करता मला म्हणायचे, "आज छान दिसतेस." मलाही हळूहळू ते ओठ कळायला लागले. सासूबाई विचारायच्या, "एकटीच काय हसतेस गं?" काय सांगणार?

डॉक्टर ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. मी त्याच्या मागून ओठांनीच ओरडले, "उत्तर देऊ नका!" हे माझ्याकडे बघतील तर ना. नजर डॉक्टरच्या तोंडावर खिळलेली.

"मुलं किती?"

"दोन मुली, साहेब."

आवाज आणखी खाली गेला. "राहतोस कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे."

मग नुसती कुजबुज. मलाही जेमतेम ऐकू आली. "बायको मारते का रे?"

"मारत नाही, साहेब. बोलते. ते जास्त लागतं."

डॉक्टर खदखदून हसला. मुकादमाने हसायला म्हणून नाक सोडलं.

"अहो, ते ओठ वाचतात!" मी म्हणाले. "त्यांच्या मागे उभं राहून विचारा ना."

"हो का? आणि मी लोकांच्या मनातलं वाचतो."

तो उठला आणि आमच्याकडे पाठ करून नळाखाली हात धुऊ लागला. साबण लावून, नखांपर्यंत. धुता धुता मुकादमाला म्हणाला, "कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग झुलतो कशाने, ते वेगळं सांगायला नको. उद्यापासून आत घेऊ नका."

हे त्या पाठीकडे बघत हसत होते. माझ्या कोपराला कोपर लावून हळूच म्हणाले, "बघितलंस? एकही चुकलो नाही."

गेटबाहेर येईपर्यंत मी त्यांचा दंड धरून चालत होते. पाय समोर टाकायचे तर एका अंगाला जात होते, पण चेहरा पहिला नंबर आल्यासारखा. म्हणत होते, "दोन दिवस झोप काढतो. मग येतोच कामावर."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. सांगितलं.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. घडीखात्याचंही सांगितलं. एकेक शब्द.

पाळी सुटत होती. त्यांच्याबरोबरचे विणकर बाहेर पडत होते आणि लांबूनच ओठांनी विचारत होते, काय झालं? काय म्हणाला डॉक्टर? ह्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांना कोणी काही विचारू शकत नव्हतं.

पण डोळ्यांच्या आधारावरच तर ते उभे होते. मिटताक्षणी त्यांचा तोल जाऊ लागला, आधी थोडा, मग सगळा भार माझ्यावर. मी दोन्ही हातांनी त्यांना कवटाळलं, भर रस्त्यात.

"अहो, डोळे उघडा," मी म्हणत राहिले. "पडाल. उघडा डोळे."

त्यांना काहीच ऐकू आलं नाही. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी घरी जात होती.