गळ्याखालची सावली

साल दोन हजार बावीस. त्या साली भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर जे घडलं, ते मी आज सांगणार आहे. मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. खडूनं लिहायची नव्हे, संगणकावर चित्रं काढायची. अंगानं काळी, वहीएवढी, कडेला चार बटणं, मागे एक वायर आणि सोबतीला बिनशाईचं पेन. मला डोळे नाहीत. माझ्यावर काढलेलं चित्र समोरच्या पडद्यावर उमटतं, ते मी आजवर पाहिलेलं नाही. मला कळतो तो फक्त हाताचा भार. कोण दाबून रेघ ओढतं, कोणाचं पेन कुठे थबकतं, कोण एकाच जागी पुन्हा पुन्हा येतं, हे मला बरोबर कळतं. बाकीचं माणसांच्या बोलण्यातून समजतं.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या हजारो होत्या. तपासणाऱ्या बाईनं माझ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली आणि मला खोक्यात बंद केलं. ते खोकं उघडलं भूपेंद्रनं. माडीवर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. पहिली दोन वर्षं मी लग्नातल्या नवरदेवांना गोरं केलं, पुढाऱ्यांच्या डोक्यावर केस वाढवले आणि मेलेल्या माणसांच्या फोटोंतून शेजारच्याचा खांदा पुसून काढला. मग भूपेंद्रनं मोबाइलवर लहान मुलांसाठी कार्टूनच्या गोष्टी टाकायला सुरुवात केली आणि त्या कामासाठी रीनाला ठेवलं.

रीना तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिचा हात पहिल्यांदा माझ्यावर आला तेव्हा मला वाटलं, पेन कोणी धरलेलंच नाही, इतका तो हलका. तिचं खरं काम शेडिंगचं. कार्टूनची आधी रेघ काढतात, मग त्यात सपाट रंग ओततात आणि त्यावर वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर अंथरलेल्या आरपार थरावर, सावली भरतात. उजेड कोणत्या बाजूनं येतो ते आधी ठरवायचं. मग नाकाच्या पलीकडे, केसांच्या कडेला, हनुवटीखाली गडद रंग दाबत न्यायचा. सावली पडली की चपटं चित्र उठून बसतं. प्रत्येक लेयरच्या शेजारी डोळ्याची एक खूण असते. तिच्यावर पेन टेकवलं की तो लेयर दिसेनासा होतो. पुन्हा टेकवलं की परत येतो.

ही विद्या रीना शिकली ती आपल्या आईच्या चेहऱ्यावर. हे मला फार पुढे कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते. तिची आई कलाबाई शाळेत मुलांची खिचडी रांधायची. सुट्टीच्या दुपारी दारात बसून ती तांदूळ निवडायची तेवढाच वेळ एका जागी असायची. तेवढ्यात रीना तिला कागदावर उतरवायची. डावीकडून दाराचा उजेड, उजवीकडे सावली. कलाबाईच्या गळ्याला गलगंड होता, मोसंबीएवढी गाठ. बसवून चित्र काढायला दुसरं माणूस रीनाला कधी मिळालं नाही, म्हणून तिचा हात एकाच चेहऱ्याच्या सावल्या शिकला.

एके दिवशी भूपेंद्रनं लग्नघरातली एक जाडी आचारीण काढली. नाव ठेवलं भुकाडीबाई.

"हे काहून अशी पापडावानी दिसून राहिली?" तो म्हणाला. "रीना, शेडिंग मार हिले. संध्याकाळपर्यंत टाकाचं हाय."

रीनानं उजेड डावीकडे धरला. गाल झाला, नाक झालं, पेन हनुवटीखाली आलं. तिथे ते थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. खाली उतरून गोल फिरलं, पुन्हा फिरलं, कडेला दाबलं गेलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या हाताला गळा ठाऊक होता तो एवढाच.

भूपेंद्र चहा घेऊन वर आला. "अन् हे काय व, रीना, गळ्यात?"

पेन माझ्यापासून बोटभर वर थांबलं. 'चुकलं' असा एक शब्द ती बोलली असती, तर सगळं तिथेच पुसलं गेलं असतं.

"सावली हाय," रीना म्हणाली.

"सावली कायची, लाडू हाय तो," भूपेंद्र हसायलाच लागला. "लेकरायच्या पंगतीतले लाडू चोरते, अन् गिळाले टाइम नाही भेटला तं गळ्यातच ठेवून देते. वा रे माही भुकाडी."

तो हसता हसता खाली बसला. आणि मित्रांनो, रीनाही हसली. हसताना तिचं पेन माझ्यावर ठिपके पाडत होतं.

भुकाडीबाई आठ दिवसांत पवनीपासून साकोलीपर्यंत पोचली. पोरं ती बघत जेवू लागली. गोष्टीच्या शेवटी रीनाचं नाव यायचं. लोक जिना चढून तिला बघायला यायचे आणि म्हणायचे, बाई अगदी समोर उभी असल्यासारखी दिसते. माझंही कौतुक व्हायचं. भूपेंद्र मला मऊ फडक्यानं पुसायचा. ते दिवस मला आवडले होते, हे मी लपवणार नाही.

महिनाभरानं रीनानं विचारलं, "भाऊ, गळ्याची सावली काढून टाकू का?"

"काहून?"

"माह्या मायच्या गळ्याले गाठ हाय. शाळेतले लेकरं तिले भुकाडी म्हणून राहिले. रांगेत उभे राहून म्हणते, लाडू काढ."

भूपेंद्र म्हणाला, "म्हणजे हे मावशीचं थोबाड हाय? तरीच म्हणतो मी, इतकं जित्तं कसं दिसते." मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. "हे पाय. सावली काढली तं राहते पापड. पापड पाहाले कोण येते? पुढच्या महिन्यात मी तुह्या हाताखाली एक पोरगी ठेवून राहिलो. नाव पहिलं येईल तुहं. पाय बा, तुले काय पाहिजे ते."

तो जेवायला खाली उतरला. रीना एकटी होती. तिनं डोळ्याच्या खुणेवर पेन टेकवलं. सावली गेली. पुन्हा टेकवलं. आली. असं तिनं कितीदा तरी केलं. शेवटच्या टेकण्यानं काय झालं, ते मला कळलं, कारण भूपेंद्र वर येऊन म्हणाला, "शाबास." सावली जागच्या जागी होती.

इकडे शाळेत मुलं कलाबाईच्या हातची खिचडी ताटात घेऊन खिदळत, आणि ती वाढायला वाकली की तिच्या गळ्याला बोट लावून पळत. मोठे गुरुजी हिरालाल. त्यांनी तिला सांगितलं, लेकरं जेवत नाहीत, तुम्ही घरीच राहा. पंधरा दिवसांत ते कार्टून बंद झालं किंवा बदललं, तर परत या. नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल. ते कार्टून तुमच्या पोरीच्या दुकानातून निघतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून बाराव्या दिवशी कलाबाई जिना चढून वर आली.

"भाऊ," ती भूपेंद्रला म्हणाली, "ते चित्र तुमी काढता म्हणते. बाई काढा, चोर काढा, मले काई म्हणाचं नाही. गळा तेवढा साधा करा. चौदा वर्सं झाले, लेकरायच्या आधी दाणा तोंडात टाकला नाही मी."

"गळा माह्या हातचा नाही, मावशी," भूपेंद्र म्हणाला. "मले गोल काढता येते अन् रंग ओतता येते. गळा हिनं केला."

कलाबाई पडद्याजवळ गेली. तिच्या बांगड्या टेबलाला लागल्या.

"हा तं आपल्या दाराचा उजेड हाय," ती म्हणाली. "तांदूळ निवडताना काढायची तू मले."

"सवयीनं झालं, माय."

"मंग सवयीनंच पुस."

रीनाचा हात माझ्यावर होता. पण हलला नाही.

"पुसलं तं उद्यापासून इथं काम नाही," भूपेंद्र शांतपणे म्हणाला. "मी जबरदस्ती नाही करत. तुमी मायलेकी ठरवा."

कलाबाईनं लेकीकडे पाहिलं असावं. लेकीनं मान खाली घातली असावी, कारण तिचा श्वास माझ्या अंगावर आला. एवढ्यानंच आईला उत्तर मिळालं.

"राहू दे," ती म्हणाली. "एकीचं काम तं राहू दे."

ती निघाली तसा भूपेंद्र म्हणाला, "मावशी, आल्याच तं बसा ना थोड्या. दिवाळीची गोष्ट करून राहिलो. त्यात उजेड उजवीकडून हाय. तिकडून गाठ कशी दिसते, ते आमाले जमून नाही राहिलं."

मला वाटलं, आता रीना उठेल. मला उचलून आपटेल. मला ते चाललं असतं.

कलाबाईनं लेकीला विचारलं, "बसू का?"

रीनाच्या तोंडाआधी तिचं पेन माझ्यावर टेकलं. "त्या स्टुलावर बस. मान थोडी वर कर, माय. अजून थोडी."

भूपेंद्रनं दिवा उजवीकडे धरला. अर्धा तास काम चाललं. तिचा हात इतका स्थिर मी ना त्याआधी अनुभवला, ना नंतर. गाठीची वरची कड, खालची कड, मधली फुगीर शीर, सगळं तिनं एका दमात भरलं. मध्ये एकदाच कलाबाईनं विचारलं, "मान दुखून राहिली, झालं का?" रीना म्हणाली, "हलू नोको." दिवाळीचं ते चित्र सगळ्यांत सुंदर झालं, असं पुढे कितीतरी लोक माझ्यासमोर बोलले.

पंधरा दिवस भरले आणि शाळेनं दुसरी बाई ठेवली.

आता कोणाचं काय झालं, ते सांगते. भुकाडीबाई दीड वर्ष चालली. मग मुलांना दुसरं काही सापडलं आणि ती बंद पडली. भूपेंद्र नागपूरला प्लॉट विकतो. हिरालाल गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराचा फ्लेक्स आमच्याच दुकानात बनला. रीनाच्या हाताखाली आलेली मोनिका आता ते दुकान चालवते आणि रोज घरी फोन करून कोण कुठे आहे ते सांगते, त्यातूनच मला हे कळलं. रीना पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, आणि तिथे सावलीच्या कामात तिच्यासारखं कोणी नाही म्हणतात. माझी वायर उंदरांनी कुरतडली. मी फ्लेक्सच्या गुंडाळ्यांखाली पडून आहे.

तुम्हाला वाटेल, मी आता म्हणेन, मला फेकू नका, जपून ठेवा. मित्रांनो, ते मी मागत नाही. मला कोणी कधी दुखवलं नाही.

कलाबाई पवनीकडे भावाच्या गावी राहते आणि लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवायला जाते. गेल्या साली सरकारी दवाखान्यात तिच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गळा आता साधा आहे. तरी चिखलात ओळीनं रोवणाऱ्या बायका तिला भुकाडी म्हणूनच हाक मारतात, आणि ती ओ देते. त्यातल्या निम्म्या जणींना ते नाव कुठून आलं हेही ठाऊक नाही. तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात आणि कोणी तिला तसं बोलावताना ऐकलंत, तर एवढंच करा. तिचं नाव कलाबाई आहे, त्या नावानं तिला एकदा हाक मारा.