डाव्या बाजूचे मणके

"आधी आत्या बघेल," मुलगी म्हणाली आणि आईच्या कपाळाला आठी पडली.

घरातला पहिला मान कायम नणंदेचा, आणि आता पोरीच्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसण्याचाही! पण परक्या ठिकाणी तमाशा नको म्हणून आईने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचे ओठ फार वेळ मिटलेले राहत नसत, हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत होते. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत जन्म काढलेली बाई ती. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही.

मुलीने उबवणीच्या पेटीतून एक अंडे काढले. कवचात खिडकीसारखे भोक कापून त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी सोलायला ती सगळ्या अंगाने वळली, कारण तिची मान वळतच नसे. मानेचे आणि पाठीचे मणके जन्मापासून एकमेकांत मिसळलेले, उंची खुंटलेली, एक खांदा वर. अंडे भिंगाखाली ठेवून तिने आत्याला पुढे सरकवले.

"काय दिसतंय?"

"पिवळंपिवळं. आणि एक गांडूळ."

"ते पिल्लू आहे, आत्या. त्याच्या पाठीला दोन्हीकडे मण्यांची ओळ दिसते ना? त्या मण्यांचेच पुढे मणके होतात. दोन मण्यांमध्ये फट पडायची तर पेशीला शेजारणीचा निरोप मिळावा लागतो. तो घ्यायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, कानच म्हण. डाव्या बाजूला मी तो निरोप बंद पाडलाय. बघ, तिकडचे मणी कसे एकमेकांत घुसलेत."

"अगं बाई, खरंच की!"

"माझं तसंच झालंय. आईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोवर होऊनही गेलं होतं. माझ्या तपासणीत सगळं निघालं. अर्धा बिघाड आईकडून आला, अर्धा बाबांकडून. त्या दोघांना काही झालं नाही, माझ्यात मात्र दोन्ही एकत्र आले. गाठोडी उचलून असं होत नसतं."

हा सगळा घाट कशासाठी होता, ते आईला आता कळले. गरोदरपणी ती ओल्या चादरींची गाठोडी उचलत होती. मुलगी जन्मली त्या दिवसापासून नणंदेने येणाऱ्याजाणाऱ्याला एकच ऐकवले होते, हिने ओझी उचलली म्हणून पोर वाकडी झाली. आईनेही कधी ऐकून घेतले नाही. बाळंतपणाची रजा संपताच नणंदेच्या नाकावर टिच्चून ती पुन्हा गाठोडी उचलायला गेली होती.

आत्या भिंगावरून उठली. तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्या भावाकडून? आमच्या घरात असलं काही नव्हतं गं."

इतक्या वर्षांचा वचपा काढायची संधी आयती चालून आली होती. आईने तोंड उघडलेही. तेवढ्यात मुलीने तिचा हात धरला. मुलीचे डोळे भरून आले होते.

"आई, आता तरी सुटलीस ना? तुझी काही चूक नव्हती."

"मी कुठे अडकले होते? माझी चूक होती असं मला कधी वाटलंच नाही. तुला वाटत होतं?"

मुलगी सगळ्या अंगाने पेटीकडे वळली.

"बोल की."

"लहानपणी वाटायचं. शाळेत पोरं हसायची तेव्हा. नंतरही कधीकधी. तू ती गाठोडी उचलली नसतीस तर..."

आईला ते फार लागले. नणंदेचा एकेक टोमणा तिने तिथल्या तिथे परतवला होता. हा एक मात्र तिच्याच घरात, तिच्याच कुशीत वाढला आणि तिला पत्ता नव्हता. तिने हात सोडवून घेतला.

"चूक कोणाची, चूक कोणाची! कप फुटला की विचारतात, कोणी फोडला. माझी पोर फुटलेली नाही. आणि गाठोड्यांनी झालं असतं ना, तरी मी मान खाली घातली नसती. त्या गाठोड्यांवर आपलं घर चाललं. वन्सं, तुम्हीही जेवलात त्यावर."

"मी कुठे नाही म्हणतेय," आत्या पुटपुटली.

"मग ताठ उभ्या राहा. अर्धं माझं, अर्धं तुमच्या भावाचं. असू दे. लाज कसली त्यात? सरका, मला बसू द्या."

तिने भिंगांना डोळे लावले. "उजवीकडचं नको मला. ती डावी बाजू दाखव."

मुलीने अंडे जरासे सरकवले. "दिसली?"

"दिसली. हे मधे काय उडतंय?"

"हृदय. नुकतंच चालू झालंय." मुलगी मागे घुटमळली. "आई, रागावलीस?"

"हो, रागावलेय."

"मी बोलायला नको होतं."

"आधी बोलायला हवं होतंस. मला विचारायचंस. मी सांगितलं असतं."

मुलगी तिच्या पाठीशी उभी राहिली. मग म्हणाली, "अंडं गार पडेल आता."

"थांब जरा. बघतेय ना मी."

तिला आता काहीच नीट दिसत नव्हते. सगळे पाण्यात गेल्यासारखे झाले होते. पण ते त्या दोघींना कळू द्यायचे नव्हते, म्हणून ती डोळे न काढता तशीच ताठ बसून राहिली.