पुरावाकाकांचे पाय

बरणीतलं मांस वर्षभर सडलं नव्हतं, आणि तेवढ्यावर सभागृह खचाखच भरलं होतं.

बरणी व्यासपीठावर मखमली उशीवर बसवलेली. आत सुकवलेल्या मांसाची एक पट्टी, लालबुंद. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढून तिच्याकडे बघत होते. पट्टी मात्र कुणाकडेच बघत नव्हती.

"मेलं, पण संपलं नाही!" पट्टीगुरू गरजले. "जे मांस सडत नाही, ते खाणारा सडेल का?"

"नाही!" सभागृह म्हणालं.

गुरूंच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता. तोही वर्षानुवर्षं सडलेला नव्हता, पण त्याच्यासाठी कुणी खुर्चीवर चढलं नाही.

मग वजनकाटा आला. रीत ठरलेली होती. सकाळपासून उपाशी यायचं, काट्यावर उभं राहायचं, आकडा सर्वांसमोर वाचायचा. नंतर मूठभर पट्ट्या चावून चावून खायच्या. तहान लागली की गुरूंच्या घागरीतलं पाणी प्यायचं, आणि तहान तर अशी लागायची की घागरीनेच हात टेकावेत. शेवटी पुन्हा काटा. मधल्या वेळात जागेवरून उठायचं नाही, लघवीलासुद्धा नाही, ध्यान मोडतं. वजन वाढलेलं असायचंच. टाळ्या पडायच्या. गुरू म्हणायचे, "अंगी शक्ती भरली!"

"आणि आता," गुरूंनी हात पसरले, "आपला जिवंत पुरावा!"

एक वाळका, टक्कल पडलेला माणूस धापा टाकत तीन पायऱ्या चढला. हेच पुरावाकाका.

बसस्थानकाच्या तळघरात हरवलेल्या सामानाची खोली आहे, तिथले ते कारकून. दिवसभर काउंटरच्या आत बसायचं आणि कुणी तरी आपली छत्री शोधत येईल याची वाट बघायची. बहुतेक लोक नवी छत्री घेतात. काका छत्र्यांशी बोलायचे. छत्र्या ऐकून घ्यायच्या, पण एखादी मध्येच फटकन उघडायची, तेव्हा विषय बदलावा लागे. घरी बायको नव्हती. होती, ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एका माणसासाठी कांदा चिरायचा म्हणजे कांद्याचाही अपमान, असं त्यांचं मत होतं. मग रात्री जेवण म्हणजे पाकीट फाडायचं आणि पट्टी चघळायची. मांस वाळलेलं, संसारही वाळलेला. जोडी जमली होती.

पण रविवारी सभागृहात त्यांच्यासाठी जागा धरलेली असायची. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी आपली पिशवी त्यांच्या खुर्चीवर ठेवत आणि दुसरं कुणी आलं तर म्हणत, "अहो, पुरावा बसायचाय इथे." आठवड्यात एवढंच एक वाक्य काकांसाठी बोललं जायचं.

"यांचे पाय बघा!" गुरू सांगत होते. "आले तेव्हा काड्या होत्या, काड्या! आज कसे भरलेत! बूटसुद्धा मावत नाहीत! काका, कितवा जोड?"

"चौथा," काका म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे खरं होतं. बूट घट्ट झाले की काका खोलीतल्या बेवारस फळीवरून एक नंबर मोठा जोड घालायचे. कुणी मागायला आलं तर परत करू, असं ते मनाशी म्हणत. कुणी येत नसे. पाय वाढत होते, फळी रिकामी होत होती.

मग एक दिवस कुणीतरी आलं.

बाई पन्नाशीच्या आसपासच्या होत्या, गळ्यात चष्मा लोंबत होता. "बसमध्ये पिशवी राहिली," त्या म्हणाल्या. "तपकिरी बूट होते आत. वडिलांचे."

"बघतो," म्हणून काका उठले आणि थबकले. काउंटरवरून वाकून बाईंनी खाली पाहिलं. दोघंही थोडा वेळ बुटांकडे बघत राहिले.

"ते बघायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या पायात आहेत."

काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "देतो, लगेच देतो," म्हणत ते स्टुलावर बसले आणि बूट ओढू लागले. बूट निघेना. बाई आत आल्या, जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी ओढू लागल्या. बूट सुटला तशा त्या मागे छत्र्यांच्या ढिगात पडल्या. तीन छत्र्या उघडल्या.

काका माफी मागत होते, पण बाईंचं लक्ष त्यांच्या पायाकडे होतं. मोज्याच्या कडेने घोट्याभोवती चर पडला होता.

"काका, मी डॉक्टर आहे. दाबू का?"

त्यांनी अंगठ्याने नडगी दाबून धरली आणि सोडली. नडगीवर खळगा पडला, आणि तो तसाच राहिला. भरेचना. काका बघत राहिले, जणू त्यांच्या पायात दुसऱ्याच कुणाचा अंगठा राहून गेला होता.

"हे मांस नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मांस दाबलं तर परत वर येतं. हे पाणी आहे. दंड दाखवा." दंड काडीसारखाच होता. "शक्ती भरली तर फक्त घोट्यात कशी भरली? आणि सकाळी बूट सैल होतात ना?"

"होतात."

"म्हणजे मांस संध्याकाळी कामावर येतं आणि रात्री घरी जातं. असं मांस मी तरी पाहिलं नाही. जिना चढताना धाप लागते?"

काकांनी मोजा वर ओढला. मग म्हणाले, "मी पुरावा आहे हो. मला व्यासपीठावर नेतात."

"कशाचा पुरावा?"



डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पट्ट्यांची गोष्ट बाहेर पडली. त्यांनी दवाखान्यात नेऊन रक्तदाब पाहिला, छाती तपासली. हृदयावर ताण आला होता. "मीठ मुरवून वाळवलेलं मांस," त्या म्हणाल्या. "प्रवासात एखाद-दुसरी पट्टी खाल्ली तर बिघडत नाही, त्यात प्रथिनंही असतात. पण रोज मूठभर म्हणजे रोज मीठ गिळणं. मीठ पाणी धरून ठेवतं. रक्तदाब चढतो, हृदय दमतं, पाणी खाली उतरतं. शिवाय असं मांस वर्षानुवर्षं रोज खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, हे अभ्यासांत दिसलंय. पट्ट्या बंद. गोळ्या सुरू."

बूट परत घेताना त्या क्षणभर थांबल्या. "एवढे मोठे बूट आम्ही मुद्दाम घेतले होते. शेवटी शेवटी वडिलांचे पाय सुजायचे. ते म्हणायचे, प्रकृती सुधारतेय." मग त्यांनी बूट काकांसमोर ठेवले. "सध्या घाला. सैल झाले की मागायला येईन."

घरी काकांनी पाकीट कचऱ्यात टाकलं, मग ते पाकिटाकडे बघत बसले. पट्टी गेली म्हणजे रविवार गेला. रविवार गेला म्हणजे पिशवी ठेवून जागा धरणारं कुणी नाही. नडगीवरचा खळगा त्यांना दिसत होता. आणि आजीही रोज पट्ट्या खातात, हे आठवून त्यांना बसवेना.

रविवारी ते व्यासपीठावर चढले. मागच्या रांगेत त्यांनी बोलावलेल्या डॉक्टर बसल्या होत्या.

"काका, कितवा जोड?"

"गुरू, एक विचारू का?" काकांचा आवाज चिरका झाला. "सगळ्यांचं वजन वाढलंय. आता सगळ्यांनी लघवीला जाऊन यावं आणि पुन्हा काट्यावर उभं राहावं."

 घागर रिकामी झालेली होती आणि हा प्रश्न कित्येकांच्या मनात केव्हापासून होता. पहिल्या रांगेतला एक जाडा गृहस्थ उठला. त्याच्यामागे दुसरा. मग अख्खं सभागृह उठलं.

"ध्यान मोडेल!" गुरू ओरडले. "शक्ती वाहून जाईल!"

"तीच तर निघालीय," जाडा गृहस्थ दारातून म्हणाला.

लोक परतले, काट्यावर उभे राहिले, आणि चमत्कार बराचसा उतरलेला होता. "लोटाभर पाणी प्यायलं तर लोट्याइतकं वजन वाढणारच," डॉक्टर उभ्या राहून म्हणाल्या. "त्याला गुरू कशाला, नळ पुरतो. आणि बरणीचं म्हणाल, तर मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं. पाण्याशिवाय सडवणारे जंतू वाढत नाहीत. रंग लाल राहतो तो मुरवताना घातलेल्या क्षारामुळे. लोणच्याची फोडही वर्षभर टिकते, तिला कुणी उशीवर बसवत नाही."

"पण पुरावाकाका?" कुणीतरी ओरडलं. "त्यांचे पाय तर खरंच भरले!"

काकांनी बूट काढला, मोजा काढला, नडगीवर अंगठा दाबला आणि पाय पुढे केला. पुढच्या रांगेने खळगा पाहिला. मग आजी वाकल्या आणि त्यांनी आपला घोटा दाबला. शेजारच्याने आपला. काही वेळातच सगळं सभागृह वाकून स्वतःच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या नडग्या दाबत होतं. कुणाला खळगा पडला, कुणाला नाही. ज्यांना पडला ते डॉक्टरांकडे गेले.

गुरू बरणी काखेत मारून मागच्या दाराने गेले. उशी राहिली. ती काकांनी खोलीत आणून जमा केली. अजून कुणी मागायला आलेलं नाही.

पुढच्या रविवारी सभागृहाला कुलूप होतं. लोक खजील झाले की एकमेकांना टाळतात, तसे तेही टाळू लागले. काकांना कुणी काका म्हणेना, पुरावा तर नाहीच. सूज उतरत गेली. धाप कमी झाली. बूट इतके सैल झाले की चालताना पाय आधी आणि बूट मागून यायचा. डॉक्टर आल्या आणि बूट घेऊन गेल्या. मग काकांनी आपले जुने बूट घातले, छत्र्यांशी चार शब्द बोलले आणि काउंटरच्या भिंतीवर खडूने लिहिलं: कुणी काहीही सांगितलं तरी आधी दाबून बघा. खळगा पडला तर विचार करा. विचाराला पैसे पडत नाहीत आणि तहानही लागत नाही.

ते वाचायलाही कुणी आलं नाही, बरेच दिवस.

मग एका दुपारी आजी जिना उतरून आल्या. काउंटरला टेकल्या, दम खाल्ला, भिंत वाचली.

"काय हरवलंय?" काकांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"रविवार," आजी म्हणाल्या. "तुमच्याकडे जमा झालाय का बघा."

काकांनी शेजारच्या स्टुलावरच्या छत्र्या उचलून खाली ठेवल्या. आजींनी त्यावर आधी पिशवी ठेवली, मग सवयीने इकडेतिकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि स्वतः बसल्या. मग दोघांनी वाकून आपापली नडगी दाबून पाहिली. खळगा पडला नाही.