पाणरेड्याचा पुरावा

मी एक जुनं जाळं आहे, आणि माझ्या पोटाला माणूस आरपार जाईल एवढं भोक आहे. मित्रांनो, अख्खा वेसावा मला ओळखतो तो या भोकामुळेच. ते समुद्रात राहणाऱ्या पाणरेड्याच्या शिंगाने पडलं, असं सांगतात.

धर्मा कोळी आणि त्याची बायको सगुणा यांनी पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या दिवसांत अंगणात बसून मला विणलं. मी डोलीचं जाळं, म्हणजे एक लांबलचक पिशवी. समुद्रात रोवलेल्या दोन खुंटांना माझं तोंड बांधायचं. पाण्याच्या ओढीने बोंबील, जवळा आपोआप आत येतात. नियम एकच, पाणी फिरायच्या आत मला उचलायचं. ओढ उलटली की जाळंही उलटतं आणि खुंटाला गुंडाळलं जातं.

नऊ वर्षं मी इमानाने राबलो. एक धागा सुटला तरी धर्मा दुरुस्त केल्याशिवाय जेवत नसे. "माजं जालं लक्षुमी हाय," असं सगुणा बाजारात चारचौघींना ऐकवायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एके दिवशी होडीवरचा जोडीदार तापाने पडला म्हणून धर्मा एकटाच गेला. परतला तो रिकाम्या हाताने, मला फाटलेलं घेऊन. किनाऱ्यावर माणसं जमली. धर्मा खाली मान घालून म्हणाला, "पानरेडा व्हता. शिंगानी फाडलान."

झालं! संध्याकाळपर्यंत पाणरेड्याला दोन शिंगं होती, शिमग्यापर्यंत चार झाली. धर्माने ती खुंटांची जागा सोडली. मला माळ्यावर टाकलं. उंदीर झाले, कोळिष्टकं झाली, पण मला कुणी दुरुस्त केलं नाही. पुरावा कोण शिवतो?

त्याच वर्षी धर्माच्या जागी मुलगा माणिक समुद्रावर जाऊ लागला. तो गेला की पाणरेड्याच्या धाकाने सगुणा उंबऱ्यात बसायची आणि होडी परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. अशी दहा वर्षं गेली. यंदा माणिकने बापाच्या जुन्या जागेवर खुंट रोवायचं ठरवलं, तेव्हा ती ओरडली, "थयं गेलास तर माजं मेलेलं तोंड बघशील!"

माणिकची धाकटी बहीण कल्पिता अंधेरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आये, थांब ना. आधी पाणरेडा आहे का ते तर बघू."

तिने गल्लीत सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाने पाणरेड्याबद्दल दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. धर्मा सोडून स्वतः पाहणारा एकही सापडला नाही. एका काकांनी त्याचा हुंकार ऐकला होता, पण नेमका मढच्या फेरीबोटीच्या भोंग्याच्या वेळेला. मग तिने मला खाली काढून अंगणात पसरलं आणि भिंग घेऊन भोकाच्या कडेने गुडघ्यांवर फिरली. दहा वर्षांनी कुणी माझ्याकडे नीट पाहत होतं.

"बाबा, शिंगाने फाडलं असतं तर दोरा तटकन तुटला असता. हा घासून घासून पिंजलाय. आणि हे बघा, कालवांच्या शिंपल्यांचे कपचे अडकलेत. कालवं खुंटाला चिकटतात. पाणरेड्याच्या शिंगाला कुठून चिकटणार?"

धर्मा ओट्यावर बसला होता.

"डोला लागला माजा," तो म्हणाला. "पानी फिरलं तरी उठलू नाय. कोल्याचा पोर डोलीवर निजला, ह्या कुनाला सांगू?"

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण जाळ्याला कोण विचारतं!

सगुणा उठली. आता ती त्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेणार, असं सगळ्यांना वाटलं.

"दहा वर्सं," ती म्हणाली, "दहा वर्सं मी उंबऱ्यात उपाशी बसली. आनि तू बाजूला बसून जेवत व्हतास?"

आणि ती सगळ्यांदेखत मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी माणिक जुन्या जागेवर गेला. होडी अजून दिसत होती, तेवढ्यात सगुणाने चहा करून घेतला आणि एकटीने प्यायला. धर्माला विचारलं नाही. तो माझ्यापाशी सुई-दोरा घेऊन बसला आहे, तिसरा दिवस आज.

मित्रांनो, जाळं फाटलं तर त्याच दिवशी सांगून टाका, कसं फाटलं तेही सांगा. चार माणसं हसतील, हसू द्या. माझं भोक आठवड्याभरात बुजेल. सगुणाची दहा वर्षं मात्र धर्माच्या सुईला शिवता येणार नाहीत.