समासातली नावं

पानाच्या कडेला मेणाचा एक थेंब… त्याने नखाने तो अलगद उचलला, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं एक नाव दिसलं. त्याखाली दुसरं. पुढच्या पानाच्या समासात आणखी तीन – काही टोकदार अक्षरांत, काही बोथट, एक तर इतकं पुसट की पान उजेडात तिरकं धरावं लागलं. प्रार्थनेचं जुनं पुस्तक. पहिल्याच पानावर येशूचं चित्र, ओठ टेकून टेकून पायाशी पुसट झालेलं. शिवण नवी घातली होती, पाठीची खळ वाळली होती, आता फक्त तीन कडा कापायच्या राहिल्या होत्या. कडा कापल्याशिवाय पुस्तक त्याच्या बाइंडिंगच्या दुकानातून बाहेर पडत नसे. पण कटिंग मशीनचं पातं पडलं की ही नावं गेलीच.

आईच्या पुस्तकाचं असंच झालं होतं. बाइंडिंग शिकून वर्षही झालं नव्हतं, कसब दाखवायची कोण हौस – तिला न विचारता त्याने ते बांधलं, कडा रेघेसारख्या सरळ कापल्या, आणि जमिनीवरच्या कात्रणांत अर्धंमुर्धं स्वतःचंच नाव दिसलं… ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं आई समासात लिहायची. तिने पुस्तक चाळलं, "छान झालंय," म्हणाली, बस्स. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं, की आपण आपल्याच हाताने आपल्याला तिच्या प्रार्थनेतून कापून टाकलं. आई गेली तरी ते गेलं नाही. प्रार्थनेला म्हणून तो पुन्हा बसला नाही.

समोर स्टुलावर हे पुस्तक घेऊन आलेल्या बाई बसून होत्या, निवृत्त शिक्षिका. पुस्तक उद्या नातीला द्यायचं होतं, कडा नीट हव्या होत्या.

"बाई, ही नावं जातील," तो म्हणाला.

"जाऊ देत. मला पाठ आहेत." बाईंनी चष्मा पुसला. "पेन्सिल काय, सुरुवातीला लागते."

पाठ… म्हणजे आईलाही – आईचा अंगठा त्या कोऱ्या कडेवर पानोपानी थांबायचा, ओठ हलायचे, तो दारातून बघायचा आणि त्याला वाटायचं, हरवलेलं शोधतेय. शोधत नव्हती. म्हणत होती. त्याचंही नाव म्हणत होती, रोज, कापलेल्या कडेवर बोट ठेवून. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं सुंदर काही आपल्या घरात रोज घडत होतं, आणि आपण कात्रणं धरून बसलो…

मशीनच्या दांड्यावर त्याचा एक हात होता, पुस्तक अजून शेजारी उघडंच. ओढायचा की नाही, ठरवता येईना. उघड्या पानावरचं पहिलं नाव त्याने मनात वाचलं, मग दुसरं, अनोळखी माणसं सगळी. तिसऱ्यानंतर यादी संपली तरी ओठ थांबले नाहीत – आईचं नाव आलं, आणि मागोमाग, भीत भीत, त्याचं स्वतःचं.