उसवू की पुढे शिवू

त्या दिवशी देवमनभाऊंनी मला तेल दिलं, निळं रेशीम ओवलं आणि अमीनाबींच्या नातीच्या ओढणीवर मोर भरायला घेतला. पिसारा निम्मा झाला आणि मालेगावची लाइट गेली. "उद्या पाहू," म्हणत त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. मित्रांनो, मी एक जुनी भरतकामाची मशीन आहे. त्या उद्याची मी महिनाभर वाट पाहिली.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. इथे आल्यावर शाळांचे बिल्ले, पोहरादेवीच्या यात्रेतले झेंडे, लग्नाच्या ओढण्या, सगळं माझ्या सुईखालून गेलं. लोक माझं कौतुक करत.

पण माझ्यात एक खोड होती. माझ्या पोटात टाक्यांची आठवण ठेवणारा छोटा कप्पा आहे. त्याचा नियम असा, की नक्षी एक तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही. मध्येच लाइट गेली की तो अर्धी नक्षी पुसून टाकी आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरू करी. कापड मात्र काही विसरत नसे. टाक्यांवर टाके बसून गोळा होई.

"देवमनभाऊ, मी मोर सांगतला होता," अमीनाबी एकदा म्हणाल्या. "तुमी तं वांगं काढून देलं."

"मसाला नाई भरला, चाची. नाई तं जास्त पैसे घेतले असते."

देवमनभाऊंची मुलगी स्नेहा पुण्याला संगणकाचं शिकत होती. सुट्टीत आली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, मधात थांबलं तं तुमी हातानं काय करता?"

"सुई वर घेतो, धागा तोडतो. मंग पाह्यतो. जमत असन तं चार टाके मागं जाऊन धागा धरतो. नाई तं उसवतो."

स्नेहाने तेच कप्प्याला शिकवलं. तेव्हापासून लाइट परतली की पुसापुशी करण्याआधी तो तिच्या सूचनांना हाक मारतो. त्या सुई वर घेतात, धागा कापतात. मग मी विचारते, उसवू की पुढे शिवू? उत्तर माणसाने द्यायचं.

ती सुट्टी मला फार आठवते. दोघं मुद्दाम माझं बटण बंद करत, चालू करत, आणि चिंधीवर जोड बसला की एकमेकांकडे न पाहता हसत. शेवटी देवमनभाऊ म्हणाले, "झालं न तुयं? आता जाय पुण्याले. इथं टाक्यायमंदी काहून गुततं?" स्नेहाने बॅग उचलली. पुढे ती सणावारालाच येई.

काल तिने शटर उघडलं. मोर अर्धा राहिला त्याच रात्री देवमनभाऊ झोपेतच गेले, हे मला तिच्या आणि अमीनाबींच्या बोलण्यातून कळलं. बटण दाबताच माझा प्रश्न उजळला.

"उसवून टाक, बेटा," अमीनाबी हळूच म्हणाल्या. "एवढ्या दिवसानं जोड नाई बसत. कापड तरी वाचन. माह्या इफ्राची शादी परवा हाय."

उसवलं तर वडिलांचे शेवटचे टाके जाणार होते. पुढे शिवताना चुकलं तर ओढणी जाणार होती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसायची घाई असते. तुम्ही तरी आधी एकदा कापडाकडे पाहत जा.

स्नेहाने पाहिलं. कापड ताणून धरणारी रिंग न हलवता तिने खालून त्या टाक्यांवर बोट फिरवलं.

"चाची, बिघडली तं नवी ओढणी मी भरून देईन. रात्रभर बसन."

अमीनाबींनी होकाराने मान हलवली. स्नेहाने 'पुढे शिवू'चं बटण दाबलं. मी चार टाके मागे गेले, जुना धागा धरला आणि पुढे निघाले. जोड बसला. पिसारा भरत गेला. स्नेहाचा हात माझ्यावरच होता.

"बाबा," ती म्हणाली, "मले पुण्याले जाचं नव्हतं. मले तुमच्याजवळ इथंच बसाचं होतं."