निरोगी गटातला भाऊ

क्रोन्स या आतड्याच्या आजारावरच्या अभ्यासाला निरोगी माणसं मिळत नव्हती. आजारी आम्ही ढिगाने होतो. आमच्या आतड्यांशी ताडून बघायला धडधाकट सख्खी भावंडं हवी होती. दादाला मी भीतभीतच विचारलं, कारण शौचाचा नमुना डबीत भरून द्यायचा होता.

"चला, माझ्या कशाला तरी विज्ञानात किंमत आली," तो म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी डबी भरून मोकळा झाला.

दोघांच्या डब्या मीच नेऊन दिल्या. आज संशोधन विभागातल्या सिस्टरने आम्हाला बोलावून घेतलं.

"तुमच्या भावाला निरोगी गटात घेता येणार नाही."

आतड्याला सूज असली की शौचात एक प्रथिन वाढतं. दादाचं कितीतरी पटींनी वाढलेलं होतं.

"डब्यांची अदलाबदल झाली असणार," मी म्हणाले. "नावं मी चिकटवली होती. चूक माझीच." चूक आपलीच निघावी म्हणून इतकी आतुर मी कधीच झाले नव्हते.

सिस्टरने मॉनिटर माझ्याकडे वळवला. अदलाबदल झाली असती, तर माझा आकडा कमी यायला हवा होता. तो दादाच्याही वर होता.

"मग यंत्र?"

"दोनदा तपासलंय."

"दुखण्यावरच्या गोळ्यांनीही वाढतं ना? दादा, गुडघ्यासाठी घेतोस ना तू? घेतोस म्हणून सांग ना!"

"ठमे, पुरे," दादा म्हणाला. त्याचा हात पोटाच्या उजव्या बाजूला, खाली होता. तिथे हात कशासाठी जातो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"कधीपासून?"

"तुझं ऑपरेशन झालं, त्याच्या आसपास. घरात एक पेशंट होता की. आईने किती जणांच्या उशाशी बसायचं?"

"मग डबी कशाला दिलीस?"

"वाटलं, निरोगी म्हणून घेतील मला. म्हणजे सुटलो."

सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "आधी डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या होऊ देत. तेच निघालं, तर दुसऱ्या गटात घेता येईल. एकाच घरातली दोन माणसं अभ्यासाला फार मोलाची असतात."

तिचा राग यायला हवा होता. पण ती बोलायच्या क्षणभर आधी हेच वाक्य माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं, आणि दादा माझ्याच तोंडाकडे बघत होता.

तो उठला. "बाथरूम कुठंय गं?"

"डावीकडे, दुसरं दार. कडी लागत नाही. मी थांबते बाहेर."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. एरवी असा आत गेला की तो काहीतरी वात्रट बोलून मला हसवायचा. मी वाट बघत राहिले. आतून फक्त नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. माझं कण्हणं आईला ऐकू जाऊ नये म्हणून मीही तेच करते.